थरच्या वाटेवरची अजब ठिकाणं: नाशिकहून स्वतःच्या गाडीने, नऊ दिवसांत काय काय जमेल?

गोदाकाठ

मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सलग नऊ दिवस मोकळे आहेत. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, माणसं चार, त्यात आई ६८ वर्षांची आणि गुडघे दुखणारी.

किल्ले, हवेल्या, राजवाडे या खेपेला नकोत. वाळवंटात वाटेवर जे अचानक समोर येतं ते बघायचंय. बुलेटचं देऊळ, उंदरांचं देऊळ, दगड झालेली झाडं, न फुटलेले तोफगोळे, ओसाड पडलेलं गाव, मिठाचं रण, आपोआप चढ चढणारी गाडी. यादी बावीस ठिकाणांवर गेली आहे आणि त्यात कच्छ, जैसलमेर, बिकानेर तिन्ही आहेत.

विचारायचं एवढंच की हे नऊ दिवसांत बसतं का, हॅचबॅक वाळूत चालते का, आणि यातलं खरोखर वाट वाकडी करण्यासारखं काय आहे?

पंचवटीकर

नाही बसत. नाशिक ते अहमदाबाद पाचशे किमीच्या आसपास, तिथून जैसलमेर अजून सव्वापाचशे ते साडेपाचशे. म्हणजे जाऊन-येऊन चार दिवस नुसत्या चाकांवर. उरले पाच. त्यात कच्छ आणि जैसलमेर दोन्ही घातलंत तर पाटी वाचायची, फोटो काढायचा आणि पुढे पळायचं, एवढंच हातात राहील. एक वाळवंट निवडा. मिठाचं की वाळूचं, ते आधी ठरवा.

द्राक्षमळा

पंचवटीकरांना +१. आई बरोबर आहे म्हणून कच्छ सुचवेन. अहमदाबाद ते भुज साधारण ३३० किमी, रस्ता उत्तम. शिवाय गाडी न नेता वांद्र्याहून रात्रीची कच्छ एक्सप्रेस धरली की सकाळी भुज, पुढे भाड्याची गाडी. गुडघ्यांना तेच बरं.

आणि अजब ठिकाणं म्हणाल तर कच्छ कुठेच कमी नाही. भुजहून खावड्याच्या रस्त्याला लागलं की भिरंडियाराच्या अलीकडे कर्कवृत्ताची पाटी आहे. २१ जूनच्या आसपास माध्यान्हीला तिथे उभ्या माणसाची सावली जवळजवळ पायाखालीच पडते. पुढे भिरंडियाराला रणाचा परवाना (ओळखपत्राची झेरॉक्स जवळ असू द्या) आणि तिथला मावा. मग काळो डुंगर, ४६२ मीटर, कच्छमधली सर्वांत उंच जागा. वर दत्ताचं देऊळ. तिथे प्रसादाचा भात कोल्ह्यांना घालतात. पुजारी हाक मारतात, ओट्यावर भात ओततात आणि माणसं लांब सरली की कोल्हे येतात. गाणगापूर-वाडी करणाऱ्या आपल्याकडच्या दत्तभक्तांना ही जागा फारशी ठाऊक नाही याचं वाईट वाटतं.

नांदूर_पक्षीवाला

छान माहिती. एक सांगतो. बरेच जण तिथल्या प्राण्याला 'फॉक्स' म्हणून फोटो टाकतात. तो कोल्हा. फॉक्स म्हणजे खोकड, आकाराने लहान, शेपूट झुबकेदार. वाळवंटी खोकडाच्या शेपटीचं टोक पांढरं असतं आणि असं खोकड जैसलमेरजवळच्या खुडीच्या बाजूला किंवा कच्छच्या छोट्या रणात दिसतं. भात घालतात त्या वेळी ओट्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहा आणि बोलू नका. मोबाईलवर कोल्हेकुई वाजवून त्यांना बोलावू नका. फसवलेला प्राणी पुन्हा त्या हाकेला येत नाही.

अंबडलिंकरोड

काळो डुंगरच्या रस्त्यावरचा चुंबकीय उतार राहिला की! गाडी न्यूट्रलला टाकली की चढावर आपोआप चढते. जमिनीत चुंबकीय दगड आहे म्हणतात.

भूगोलवाली

अंबडलिंकरोड, चुंबक असता तर फक्त लोखंड ओढलं गेलं असतं. तिथे प्लॅस्टिकचा चेंडू सोडा, पाण्याची बाटली आडवी ठेवा, साधं पाणी ओता. सगळं त्याच दिशेने जातं. म्हणजे तो उतारच आहे, डोळ्यांना चढ वाटणारा. कारण असं की आजूबाजूचा सगळा डोंगर जास्त तीव्र उताराचा आहे आणि खरं क्षितिज दिसत नाही. आपला मेंदू त्या मोठ्या उताराला सपाट धरतो. मग त्याच्या तुलनेत कमी उताराचा रस्ता चढ भासतो.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. फोनमधलं लेव्हल उघडा, फोन सपाट पाटीवर किंवा वहीवर ठेवून पाटी रस्त्याला समांतर ठेवा, आकडा लिहा. मग फोन तिथेच १८० अंश फिरवून पुन्हा आकडा लिहा. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे आणि सेन्सरच्या चुकीमुळे एकच आकडा फसवतो, दोन्ही वाचनांतल्या फरकाचा निम्मा म्हणजे खरा उतार. रस्त्यावर खडी असते, म्हणून थेट डांबरावर फोन टेकवू नका.

आणि एक कळकळीची विनंती. हा प्रयोग करताना इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारी हवेची पोकळी दोन-तीन दाबांतच संपते, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं. मागून येणारी बस दिसली तर गाडी थांबत नाही. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पाय ब्रेकवर, आणि एक माणूस खाली उतरून मागे लक्ष ठेवायला.

द्राक्षमळा

ताई, हे शाळेत शिकवलं असतंत तर आमचा भूगोल सुधारला असता. 🙂

भूगोलवाली

मग अजून एक घ्या, कारण हे महाराष्ट्रातल्या माणसाने तर बघायलाच हवं. बन्नीच्या गवताळ भागात लूना नावाचं गाव आहे. तिथला खोलगट भाग उल्केच्या आघाताने झाला असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलं आहे. व्यास साधारण १.८ किमी, म्हणजे आपल्या लोणारएवढाच! पण लोणार कठीण बेसाल्टमध्ये झालं म्हणून दीडशे मीटर खोल वाडगा टिकला. लूना मऊ गाळात झालं, त्यामुळे काठ जेमतेम काही मीटर उंच, आणि जमिनीवरून बघणाऱ्याला नुसतं तळं वाटतं. वय सुमारे ६,९०० वर्षं, म्हणजे कच्छमधल्याच धोळावीऱ्याचं हडप्पाकालीन शहर वसण्याच्या आधीचं. वर्षातला बराच काळ तिथे पाणी असतं. डिसेंबरमध्ये काठाची माती चिखलट असते, तेव्हा गाडी डांबरी रस्त्यावरच उभी करा.

कॉलेजरोडची_रेवती

सगळे कच्छकडे वळलेत. धागाकर्त्यांच्या यादीतली निम्मी ठिकाणं राजस्थानात आहेत! मी जैसलमेरच्या बाजूने बोलते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लांबलेल्या वर्षी पांढऱ्या रणात पाणी उरलेलं असू शकतं. मीठ पूर्ण वाळून कडक व्हायला जानेवारी उजाडतो. थरला तो प्रश्न नाही.

दगडांच्या झाडांपासून सुरू करते. आकल जीवाश्म उद्यान, जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्यावर १७ किमी. खोडं सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची, ज्युरासिक काळातली. सर्वांत लांब खोड साधारण १३ मीटर. लोखंडी जाळ्या आणि वर पत्र्याचं छप्पर, त्यामुळे लांबून कोंबड्यांचे खुराडे वाटतात आणि लोक गाडीतूनच परत फिरतात. उतरा. जाळीजवळ बसून बघा. सालीच्या खाचा, फांदी फुटलेली गाठ, उभे तंतू, सगळं लाकडाचं आहे आणि हाताला मात्र थंड दगड लागतो. लाकूड गाळाखाली लवकर गाडलं गेलं, हवा लागली नाही म्हणून कुजलं नाही, आणि पाण्यातल्या सिलिकाने पेशीन्‌पेशी भरून काढली. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, हे तंतू उठून दिसतात. भर दुपारी सगळं सपाट तपकिरी. आईंसाठी: आत पायवाट आहे, पण सावली जवळजवळ नाही. घडीची खुर्ची आणि छत्री घ्या.

तिथले तुकडे जमिनीवर विखुरलेले असतात. एकही खिशात घालू नका, कोणी विकायला आणला तरी घेऊ नका.

पंचवटीकर

रेवतीताई, हे पटलं. कुलधरा मात्र यादीतून काढावं असं मला वाटतं. भुताच्या गोष्टींनी उगाच मोठं केलंय. आत मोडक्या भिंती आणि डागडुजी केलेली एक-दोन घरं.

कॉलेजरोडची_रेवती

काढू नका हो! भुतं सोडा, गाव बघा. जैसलमेरहून १८ किमी, पालीवाल ब्राह्मणांचं गाव, तेराव्या शतकाच्या आसपास वसलेलं. रस्ते काटकोनात, घरांना अंगण, बैलगाड्यांसाठी रुंद वाट. पालीवालांची खासियत म्हणजे खडीन. उताराच्या तळाशी मातीचा बांध घालायचा, खडकाळ उतारावरून आलेलं पावसाचं पाणी त्यात अडवायचं, ते जिरलं की त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा. वर्षाला जेमतेम वीतभर पाऊस पडणाऱ्या मुलखात गहू! गाव एकोणिसाव्या शतकात रिकामं झालं. दिवाण सालमसिंगाच्या जाचाने एका रात्रीत सगळे निघून गेले ही लोककथा. विहिरी आटत गेल्या आणि वस्ती हळूहळू घटली असं अभ्यासक सांगतात. छपरावर चढून गावाचा आराखडा बघितला की ही गोष्ट नीट कळते. संध्याकाळी फाटक बंद करतात.

पंचवटीकर

खडीनबद्दल ठाऊक नव्हतं. शब्द मागे घेतो, कुलधरा राहू द्या.

सातपूर_गॅरेज

हॅचबॅकचं विचारलंय, त्याचं कोणीच लिहिलं नाही. मी लिहितो.

तुमच्या यादीतल्या सगळ्या ठिकाणी डांबरी रस्ता जातो. हॅचबॅक बिनधास्त न्या. रुतते ती एकाच कारणाने: फोटोसाठी गाडी डांबर सोडून दहा फूट आत घातली जाते. वाळूवर वारा थर चढवतो, वरून ती टणक दिसते, आत पोकळ असते.

रुतली तर काय करायचं ते क्रमाने सांगतो.

चाक जागेवर फिरायला लागलं की त्याच क्षणी अॅक्सिलरेटर सोडा. पुढचे दोन सेकंद रेस केलीत तर पोट टेकतं, आणि पोट टेकलं की ढकलून निघत नाही. सगळे उतरा. पुढच्या दोन्ही चाकांची हवा ३२ पीएसआय वरून १८-२० वर आणा. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिंगमधून सुटतो. मग चाकांच्या पुढची नाही, ज्या दिशेने निघायचं त्या दिशेची वाळू उकरा. आपल्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात, म्हणून बहुतेक वेळा आलेल्या चाकोरीतूनच उलटं निघणं सोपं. पायाखालच्या रबरी मॅट चाकाला भिडवा, काटे वाळूत रुततील असे. रिव्हर्स टाका, क्लच हळू, रेस कमी. मॅटच्या सरळ रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, ती गोळीसारखी सुटते. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू न देणारी यंत्रणा) असेल तर बंद, नाहीतर तो इंजिनची ताकदच कापतो.

निघालात की डांबरावर येऊन हवा परत ३२. हवा कमी ठेवून ८० ने पळवलं की टायरची बाजू तापून फाटते. म्हणून बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि हवेचं मीटर जवळ हवंच.

सामान: छोटं फावडं, दोर, गाडीबरोबर आलेला स्क्रूचा टो हुक (बऱ्याच जणांना तो स्टेपनीखाली आहे हेच माहीत नसतं), आणि एक फूट बाय एक फूट प्लायवूडचा जाड तुकडा. हा तुकडा जॅकखाली लागतो. वाळूत जॅक लावला की गाडी वर न येता जॅक खाली जातो. दोर कधीही बंपरला बांधू नका.

शिडकोचा_बुलेटवाला

सातपूरदादा, बाईकसाठी पण लिहा ना. आमचा ग्रुप बुलेट बाबांना जायचा विचार करतोय.

सातपूर_गॅरेज

ट्यूबच्या टायरची हवा फार कमी केलीत तर टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. ट्यूब असेल तर २० च्या खाली नको. साइड स्टँडखाली ठेवायला चपटा केलेला डबा किंवा लाकडी चकती घ्या, वाळूत बुलेट आडवी होते. चेनला तेलाचा जाड थर देऊन निघू नका, वाळू चिकटून चेन पॉलिश पेपरसारखी घासते. रोज संध्याकाळी फडक्याने पुसा, मग पातळ थर. एअर फिल्टर तिसऱ्या दिवशी काढून झटका. आणि वडोदरा-अहमदाबाद द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, जुन्या हायवेने जा.

शिडकोचा_बुलेटवाला

धन्यवाद! आता बुलेट बाबांबद्दल. ओम बन्ना देवस्थान, पाली ते जोधपूर हायवेवर, पालीहून साधारण २० किमी. बऱ्याच वर्षांपूर्वी ओमसिंह राठोड यांचा तिथे बुलेटवरून जाताना अपघातात मृत्यू झाला. लोक सांगतात की पोलिसांनी गाडी ठाण्यात नेली, पेट्रोल काढून टाकलं, साखळीने बांधली, तरी सकाळी ती अपघाताच्या जागीच सापडायची. ३५० ची बुलेट, नंबर आरएनजे ७७७३, आज काचेच्या पेटीत हार घालून उभी आहे. शेजारी झाड, त्याला बांगड्या आणि लाल दोरे. जाणारे ट्रक हॉर्न वाजवून जातात. नमस्कार करून निघालं की प्रवास सुखरूप होतो ही श्रद्धा. तिथे दारूही वाहतात. आमचं ठरतंय की नाशिकचीच वाईन न्यावी.

पंचवटीकर

थांबा! वाईन नेऊ नका. वाटेत गुजरात आहे, तिथे दारूबंदी. परवान्याशिवाय डिकीत एक बाटली सापडली तरी गुन्हा, गाडीही जप्त होऊ शकते. येतानाही तेच, राजस्थानातून घेतलेली बाटली गुजरातच्या सीमेवर तपासतात. नारळ आणि अगरबत्ती वाहा, तेवढंच पुरतं.

शिडकोचा_बुलेटवाला

बरं झालं सांगितलंत. हे डोक्यातच आलं नव्हतं. नारळ पक्का.

आजोळ_येवला

एक बोलू का? देशनोकचं करणीमातेचं मंदिर किंवा ओम बन्ना यांना 'अजब', 'विचित्र' म्हणताना मनाला लागतं. तिथे येणाऱ्यांसाठी ती देवाची जागा आहे. करणीमातेचे उंदीर म्हणजे काबा, मातेच्या कुळातले आत्मे अशी भावना आहे. किळस आल्याचे चेहरे करून रील बनवणारे बघितले की वाईट वाटतं.

गोदाकाठ

आजोळ, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. शब्द माझा चुकला, 'आगळीवेगळी' असं म्हणायला हवं होतं. देशनोकला कसं वागावं ते सांगाल का?

आजोळ_येवला

जरूर. बिकानेरहून ३० किमी. चपला बाहेर. जुने मोजे घालून जा आणि निघताना टाकून द्या, कारण फरशीवर दूध, धान्य आणि लेंड्या असतात. मुख्य गोष्ट: पाऊल उचलून टाकू नका, फरशीवरून घासत पुढे सरका. उंदीर पायाखाली येतात ते पाऊल वर असताना. तुमच्या पायाखाली काबा मेला तर चांदीचा उंदीर वाहायची रीत आहे. वर जाळी आहे ती घारींसाठी. पांढरा काबा दिसणं शुभ, त्यासाठी गाभाऱ्याच्या बाजूच्या बिळांजवळ शांत बसावं लागतं. पायावरून उंदीर गेला तर पाय झटकू नका. आईंना मधुमेह असेल किंवा पायाला जखम असेल तर त्यांनी बाहेरूनच हात जोडावेत. महाराजा गंगासिंहांच्या काळातलं संगमरवरी काम दारातूनही बघता येतं.

नांदूर_पक्षीवाला

बिकानेर मार्गापासून फार लांब पडतं. जैसलमेर-जोधपूरच्या मधल्या फलोदीहून तिकडे दीडशेच्या वर किमी, परत तेवढेच. देशनोक पुढच्या खेपेला ठेवा आणि तो दिवस खीचनला द्या.

खीचन, फलोदीला लागून. हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे येतात, तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. मध्य आशियातून, मंगोलियाकडून उडत येणारा पक्षी. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या चुग्गाघरात, म्हणजे दाणे घालायच्या कुंपणात, ज्वारी टाकतात. जून २०२५ मध्ये या जागेला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आपलं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठरलं, म्हणजे नाशिककरांचं खीचनशी आता नातंच लागतं!

मुक्काम फलोदीत करा. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी चुग्गाघराजवळच्या घराच्या गच्चीवर बसा, घरमालकाला विचारून. आधी आवाज येतो, सगळ्या आभाळातून गुरगुर, मग थवे घिरट्या घालतात आणि एकदम कुंपणात उतरतात. पहिला थवा बिचकला तर मागचे उतरत नाहीत. म्हणून भडक कपडे नको, उभं राहणं नको, ड्रोन तर मुळीच नको. साडेआठ-नऊनंतर पक्षी गावाबाहेरच्या तळ्यांवर जातात, तिथे पाणी पितात आणि पोटातलं धान्य दळायला बारीक खडे गिळतात. तळ्याकाठी आई गाडीत बसूनही बघू शकतील.

भूगोलवाली

त्याच वाटेवर भादरिया घाला. जैसलमेरहून पोखरणकडे येताना धोलियाजवळ फाटा. देवीच्या मंदिराखाली, जमिनीत, मोठं ग्रंथालय आहे. वाळवंटाच्या मध्यात जमिनीखाली कपाटंच्या कपाटं! जमिनीखाली का, तर पुरेशा खोलीवर उन्हाळा-हिवाळ्याचं तापमान फारसं बदलत नाही आणि वाळू आत येत नाही, कागद टिकतो. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय असलेल्या नाशिकच्या माणसाने हे चुकवू नये. आत जायला जिना आहे, आईंचा विचार करा.

देवळाली_कॅम्प

तनोट-लोंगेवालाचं लिहितो, कारण यात लोक वेळ चुकवतात.

जैसलमेर-रामगड-तनोट साधारण १२० किमी. तनोटहून लोंगेवाला चाळीसच्या आत, तिथून रामगडमार्गे परत. पूर्ण फेरी अडीचशेच्या वर. टाकी जैसलमेरला पूर्ण भरा. सीएनजी असेल तर या भागात तिच्यावर विसंबू नका. माणशी पाच लिटर पाणी. रामगडनंतर मोबाईल येतो-जातो, नकाशा आधी उतरवून ठेवा.

तनोटराय मंदिर सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात. १९६५ च्या युद्धात परिसरात पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, त्यातले काही मंदिरात काचेत ठेवलेत. आरती जवानच करतात. मंदिराच्या पुढे सीमेपर्यंत जायला वेगळी परवानगी लागते, मूळ ओळखपत्र जवळ हवं.

लोंगेवालाला मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबची एक तुकडी, सुमारे १२० जवान, ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाड्यांसमोर टिकून राहिले. आपली हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती, ती पहाटे आली. तिथे उभा केलेला टी-५९ रणगाडा जवळून बघा. सातपूर_गॅरेज यांनी लिहिलं ना, वाळू वरून टणक आणि आत पोकळ? शत्रूचे रणगाडे नेमके त्याच वाळूत रुतले आणि सकाळी विमानांना उघडे सापडले. मी आईंनाही आवर्जून न्या म्हणेन, गाडी अगदी जवळ जाते.

सकाळी सातला निघा, परतताना चारपर्यंत रामगड ओलांडून जैसलमेरच्या बाजूला या. अंधारात रस्त्यावर उंट आणि नीलगाय असतात. उंटाचे पाय उंच. धडक पायांना बसते आणि सगळं धूड बॉनेटवरून थेट काचेवर येतं.

अंबडलिंकरोड

बाडमेरकडून जाणार असाल तर विमानाची धावपट्टी बघा! सांचोर सोडून पुढे गांधव लागतं, तिथून पश्चिमेला राष्ट्रीय महामार्ग ९२५ ए. त्यावर ३ किमीची आणीबाणीची धावपट्टी आहे, ९ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालेली. एरवी त्यावरून ट्रॅक्टर आणि ट्रक जातात. रस्ता एकदम रुंद होतो, मधला दुभाजक नाहीसा होतो, तेव्हा कळतं. तिथे थांबून व्हिडिओ काढू नका, सीमाभाग आहे.

कॉलेजरोडची_रेवती

हे भारी आहे. बाडमेरला मुक्काम झालाच तर सकाळी किराडूची देवळं, ३५ किमीच्या आसपास. सूर्यास्तानंतर थांबलेला माणूस दगड होतो अशी आख्यायिका, त्यामुळे संध्याकाळी चिटपाखरू नसतं. अकरा-बाराव्या शतकातलं कोरीव काम आहे, सोमेश्वर मंदिराच्या जोत्यावरचे हत्ती आणि युद्धाचे पट्टे बघा.

निफाडची_थंडी

थंडीचं कोणी बोललंच नाही. निफाडकरांना सांगायला नको, पण नाशिक शहरातले लोक स्वेटरवर निघतात. डिसेंबरात थरमध्ये दुपारी २५ आणि पहाटे ५-७. वाळू रात्री झपाट्याने गार होते. तंबूत राहणार असाल तर कानटोपी, लोकरीचे मोजे आणि आईंसाठी गरम पाण्याची पिशवी. खरं तर त्यांना तंबू नकोच. खाटा बुटक्या, गुडघे दुमडून उठावं लागतं, संडास लांब.

द्राक्षमळा

नाशिक सोडायचा रस्ता ठरला का? पेठ-कपराडा-वापी की वणी-सापुतारा-वघई-चिखली?

पंचवटीकर

सापुतारा. पेठने लवकर हायवे लागतो, पण मग वापीपासून ट्रकच्या गर्दीत जास्त चालवावं लागतं. एकूण अंतरात फार फरक नाही.

शिडकोचा_बुलेटवाला

पेठ! सापुताऱ्याच्या वळणांनी मागे बसलेल्यांना मळमळतं. आईंना मागे बसवणार असाल तर पेठच.

गोदाकाठ

मंडळी, मनापासून आभार. कच्छ पुढच्या जानेवारीला, दत्ताचे कोल्हे आणि लूना तेव्हा. देशनोकही नंतर. आता असं ठरवलंय:

पहिला दिवस पेठमार्गे अहमदाबाद. दुसरा सांचोर, धावपट्टी, बाडमेर. तिसरा किराडू, दुपारी चारनंतर आकल, जैसलमेर. चौथा कुलधरा आणि संध्याकाळी खुडीच्या टेकड्या, मुक्काम जैसलमेरलाच. पाचवा तनोट-लोंगेवाला. सहावा भादरिया, फलोदी. सातवा पहाटे खीचन, मग जोधपूर. आठवा ओम बन्ना करून अहमदाबाद. नववा घर.

काही चुकतंय का?

नांदूर_पक्षीवाला

सहाव्या दिवशी पोखरणला रेंगाळू नका. संध्याकाळी चारच्या सुमाराला खीचनच्या तळ्यावर पोहोचलात तर करकोचे रात्रीच्या मुक्कामाला उडतात ते बघायला मिळेल, आणि दुसऱ्या पहाटे गच्चीसाठी कुणाला विचारायचं तेही ठरवून ठेवता येईल.

देवळाली_कॅम्प

आठवा दिवस जड आहे. जोधपूर-अहमदाबाद साडेचारशे किमी. सहाला निघा, ओम बन्ना सात-सव्वासातला. सकाळी गर्दी नसते. देवस्थान हायवेला अगदी चिकटून आहे, ट्रक वेगात असतात. गाडी पूर्ण बाजूला, आईंना रस्त्याच्या बाजूच्या दाराने उतरवू नका.

सातपूर_गॅरेज

निघण्याआधी स्टेपनीची हवा तपासा. तिच्यात ३५ भरून ठेवा, महिनोन्‌महिने पडून ती २० वर आलेली असते. आणि टो हुक घरीच एकदा लावून बघा, बंपरवरचं झाकण कोणत्या बाजूने निघतं ते अंधारात शोधावं लागू नये. काही गाड्यांत आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होतो.

गोदाकाठ

आत्ताच पार्किंगमध्ये जाऊन लावून बघितला. आटे उलटेच आहेत. स्टेपनीत १९ निघाली.